स्क्रीनवरचा पुठ्ठा

१

दुपारचं जेवण झालं की मिस्त्री घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जायचे, मशीनवरची जुनी चादर काढून तिची नीट घडी घालायचे आणि टेबलावरून एकदा तळहात फिरवायचे. भुसा नसला तरी फिरवायचे. जन्मभर लाकडाला हात लावत आलेल्या माणसाचा हात तसाही रिकामा राहत नाही.

मशीन कोरायचं होतं. हौशी लोक घरी ठेवतात तसलं, जेवायच्या टेबलाएवढं. वर सरकणारा आडवा दांडा, दांड्यावर मोटर, मोटरीच्या तोंडात बोटाएवढं बिट. कॉम्प्युटरने सांगायचं आणि बिटाने कोरायचं. दारावरच्या नावाच्या पाट्या हा मिस्त्रींचा जुना धंदा. पटाशीने एक पाटी व्हायला आठवडा लागायचा, ती आता एका दुपारी व्हायला लागली होती.

मशीन आणून दिलं पुतणीने. मिस्त्रींच्या थोरल्या भावाची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी फळ्यांच्या थप्पीवर सरसर चढून बसायची, म्हणून तिचं नाव खारू पडलं, आणि आता तिशी उलटली तरी ते काही उतरलं नाही. ती एका कंपनीत मशीनच्या स्क्रीन आखायचं काम करायची. कुठलं बटण कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं, हे ठरवायचं. मशीनबरोबर जी स्क्रीन आली ती बारीक अक्षरांनी मुंग्या लागल्यासारखी भरली होती. मिस्त्रींनी डोळे बारीक केले, मान मागे घेतली, पुढे केली आणि म्हणाले, हे काही मला दिसत नाही बघ.

खारूने मनावर घेतलं. सगळी अक्षरं काढून टाकू, म्हणाली, त्या जागी चित्रं ठेवू. तुम्ही काढा, मी चिकटवते. मग मिस्त्रींनी सुताराच्या जाड पेन्सिलीने सात चित्रं काढली. बिट आपल्या कोपऱ्यात परत जायला घर. मोटर फिरवायला भोवरा. लाकडाला टेकवून खोली मोजायला सुई. सावकाश चालायला गोगलगाय, भरभर चालायला घोडा. काम सुरू करायला हिरवं पान आणि थांबवायला लाल तळहात. गोगलगाय अगदी तुमच्यासारखी आली आहे, असं खारू म्हणाली, तेव्हा मिस्त्री म्हणाले की मिशा नाहीत तिला. वर तीन आकडे ठेवले होते, आडवं, उभं आणि खोल. आकडे मिस्त्रींना यायचे.

अक्षरं येत नव्हती. एकसुद्धा. डोळे उत्तम होते, केसाएवढी फट हातभरावरून दिसायची. ज्यांनी गावभर लोकांची नावं कोरून दारावर लावली, त्यांना त्यातलं एकही नाव वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं, मिस्त्री वेलबुट्टी उतरवावी तसं ते लाकडावर उतरवायचे. एकदा एका डॉक्टरची पाटी कागद उलटा धरून अख्खी कोरली होती. गिऱ्हाईक यायच्या आत ती फोडून जाळली आणि लाकूड चिरलं म्हणून सांगितलं. पेपर रोज घ्यायचे, पाऊण तास समोर धरायचे, मधूनच हं म्हणायचे.

तर त्या दुपारी मिस्त्रींनी चादर काढली, कॉम्प्युटर लावला. सात चित्रं आली. आणि त्यांच्याखाली, उजव्या कोपऱ्यात, आठवं काहीतरी होतं. पुठ्ठ्याच्या रंगाचा एक चौकोन, जरासा तिरका. त्याच्यावर तीन ओळी लिहिलेल्या.

मिस्त्रींनी त्याला बोट लावलं नाही. खारूने काहीतरी नवीन केलं असेल, असं म्हणून ते कामाला लागले.

२

खारू आठवड्यातून दोनदा यायची. त्या दिवशी आली, चप्पल काढली, स्क्रीनकडे बघितलं आणि खुदकन हसली.

"काका, हे तुम्ही लावलंत?"

मिस्त्री गडबडले. तिने ते लावलं नव्हतं तर. आता विचारावं, की बाई, हे आहे तरी काय? पण विचारलं तर ती म्हणणार, वाचा ना, लिहिलंय की. तेव्हा ते म्हणाले, "म्हटलं बघू, आपल्याला जमतंय का."

तिला कौतुक वाटलं. स्क्रीन उघडून तिच्यावर नवीन चौकोन ठेवणं तिने त्यांच्यासमोरच केलं होतं, ते काकांनी बघून बघून उचललं, असं तिला वाटलं. आणि अक्षर तर अगदी बाबांसारखं काढलंय, म्हणाली. मग त्या तीन ओळी पुन्हा वाचून ती सरळ खोलीच्या मागच्या भिंतीशी गेली, खाली बसली, जुन्या फळ्यांच्या थप्पीमागे खांद्यापर्यंत हात घातला आणि एक रंधा बाहेर काढला. रंधा कसला, खेळणंच. तिच्या लहानपणच्या मुठीएवढा. पात्याच्या जागी पत्र्याचा तुकडा होता, हात कापू नये म्हणून.

"इतकी वर्षं सांगितलं नाहीत," खारू म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाबा करत होते माझ्यासाठी?"

मिस्त्रींनी हो म्हणून मान हलवली. त्यांनी तो रंधा जन्मात बघितला नव्हता.

ती गेल्यावर ते कितीतरी वेळ स्टुलावर बसून राहिले. मशीन बंद होतं. पत्रा उन्हाने तापून मधूनच टण् वाजत होता. आपण हो म्हणालो, हेच त्यांना खात होतं. एवढासा हो, पण तो आता मागे घेता येणार नव्हता. कारण तो घेतला तर मागचे सगळेच हो घ्यावे लागले असते.

३

मागचे म्हणजे कुठले, ते सांगायला हवं.

खारूचे वडील, दादा, स्वतः चार इयत्ता शिकलेले. धाकट्याने तरी शिकावं म्हणून त्यांनी त्याला मोठ्यांच्या वर्गाला घातलं होतं, कामावरून सुटल्यावर भरायचा तो. धाकटा दोन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी फळ्याशी उभं केलं आणि खिडकीतून बघणारी पोरंटोरं हसली. त्यानंतर वर्षभर तो त्या वेळेला लाकडाच्या वखारीत जाऊन बसायचा आणि वेळ झाली की घरी यायचा. दादा विचारायचे, येतं का आता वाचता? तो म्हणायचा, येतं.

दोघा भावांचा पुढे कारखाना झाला. मोठं रंधा मशीन आलं. दादांचा नियम असा, की मशीनच्या पोटात हात घालायचा असला की आधी भिंतीवरचा खटका पाडायचा आणि त्याच्यावर पुठ्ठ्याची पाटी तारेने अडकवायची. पाटीवर लिहायचं. शिकलेल्या भावाला लिहिलेलं पुरतं, ओरडून सांगायला नको.

त्या दिवशी पात्यात भुसा अडकला होता. मिस्त्री बाहेरून आले तेव्हा मशीन बंद होतं, दादा पलीकडे वाकलेले, दिसत नव्हते. खटक्यावर पुठ्ठा लटकत होता. लाकडांची मापं दादा नेहमी पुठ्ठ्यावरच लिहायचे, आणि सापडेल त्या खिळ्याला अडकवून ठेवायचे. मिस्त्रींनी तो काढला, खिशात घातला आणि खटका वर केला.

दादा तीन दिवस होते. बोलले नाहीत.

पुठ्ठा मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सरस वितळवायच्या शेगडीत घातला. लोकांनी विचारलं, पाटी नव्हती का लावली? मिस्त्री म्हणाले, नव्हती. मग सगळे म्हणाले, दुसऱ्याला एवढं बजावणारा माणूस, स्वतःच विसरला. वहिनी मरेपर्यंत तेच म्हणायच्या, स्वतःच्या हलगर्जीपणाने गेले आणि आम्हाला उघड्यावर टाकलं. खारू तेव्हा सहा वर्षांची. वडिलांचा विषय निघाला की तिच्या बोलण्यात अजूनही एक रागाचा खडा लागायचा.

आणि स्क्रीनवरच्या त्या चौकोनाचा वरचा डावा कोपरा दुमडलेला होता. वर मधोमध भोक होतं. मिस्त्रींना अक्षरं लक्षात राहत नसत, पण वस्तू राहायच्या.

४

आता माणूस स्वतःशी वाद घालतोच. मिस्त्री म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये हजार गोष्टी असतात. खारूने पूर्वी कधी बाबांचा एखादा कागद त्यात घातला असेल आणि विसरली असेल. चौकोन काय, सगळे सारखेच.

त्यांनी स्टीलची पट्टी घेऊन तो मोजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला, तर हिरव्या पानाच्या बाजूला एक सूत सरकलेला. त्यांनी त्याच्यावर कागदी टेप चिकटवली. दुसऱ्या दिवशी टेप तिथेच होती आणि चौकोन तिच्या शेजारी होता, तितकाच तिरका. ओळी मात्र बदलल्या होत्या. तीनच, पण कालच्या नव्हेत.

खारू आली की आधी तेच वाचायची. हसणं बंद झालं होतं. वाचायची, मान डोलवायची. मग एखादा प्रश्न विचारायची, असाच, बिट पुसता पुसता. त्या दिवशी तुम्ही बाहेर कशाला गेला होतात? खिळे आणायला. येताना कुठल्या दाराने आलात? मागच्या. मिस्त्री उत्तरं द्यायचे. तिला वाटत होतं काका लिहून काहीतरी सांगताहेत, तोंडाने सांगता येत नाही म्हणून. आणि काकांना आपण काय सांगतोय हेच माहीत नव्हतं. आपल्याच खोलीत, आपल्याच नावाने, आपल्या डोक्यावरून कुणीतरी तिच्याशी बोलत होतं.

शेवटी मिस्त्रींनी पाट्यांसाठी आणलेला पातळ कागद स्क्रीनवर ठेवला आणि त्या तीन ओळी पेन्सिलीने उतरवल्या. उतरवण्यात त्यांची चूक होत नसे. तो कागद घेऊन ते खिळेमोळेवाल्याकडे गेले. हा खिळेमोळेवाला त्यांचा जुना ओळखीचा, जिभेचा तिखट. मिस्त्रींनी सांगितलं, गिऱ्हाईकाने दिलंय, अक्षर लागत नाही, चष्मापण आणला नाही.

खिळेमोळेवाल्याने कागद सरळ धरला, आडवा धरला, उजेडाकडे केला.

"मिस्त्री, कुणी तुमची चेष्टा केली आहे. हे अक्षरच नाही."

"दुसरी कुठली भाषा असेल."

"कुठलीच नाही. लांबून बघितलं तर वाटतं लिहिलंय. वर रेघ आहे, काने आहेत, वेलांट्या आहेत. पण एक अक्षर पुरं असेल तर शपथ." त्याने कागद परत दिला. "ज्याला लिहिता येत नाही ना, त्याने लिहिल्यासारखं केलंय."

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खिळेमोळेवाला हसत होता, पण त्यांच्याकडे बघून नाही, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला स्क्रू मोजून देत होता. मिस्त्री कागदाची घडी घालत तसेच रस्त्याने निघाले. दुतर्फा दारांवर पाट्या होत्या, त्यातल्या कितीतरी त्यांच्याच हातच्या. जन्मभर त्यांना अक्षरं अशीच तर दिसत आली होती. वर रेघ, काने, वेलांट्या आणि आत काही नाही. स्क्रीनवर कुणीतरी त्यांच्या डोळ्यांतूनच लिहीत होतं.

मग खारू वाचत काय होती?

५

दोनच दिवसांनी ती आली. मशीनवर एक पाटी अर्धी कोरून थांबली होती. बिट बोथट झालं होतं, बदलायला हवं होतं. मिस्त्री बिट नेहमी मशीन आणि कॉम्प्युटर दोन्हींची भिंतीतली तार काढूनच बदलायचे. पण खारूने स्क्रीनकडे बघितलं, वाचलं, आणि म्हणाली, "बरं."

तिने बाही वर केली आणि मोटरीखाली हात घातला, पार मनगटाच्या वरपर्यंत. दुसऱ्या हाताने पाना लावला.

मिस्त्री स्क्रीनपाशी उभे होते. त्यांनी बघितलं, हिरवं पान आपल्या जागेवर नव्हतं. ते सरकून खाली आलं होतं, त्यांच्या उजव्या हाताच्या बरोबर समोर. पुठ्ठा त्याच्यावर लटकला होता. आणि त्यांचं बोट पुढे चाललं होतं. कुणी ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. बंद मशीन दिसलं की सुरू करायला जावं, तसं सवयीने, काही मनात न आणता ते चाललं होतं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला. धरलेला हात तरीही जात होता, ओल्या लाकडाला बाक यावा तितक्या सावकाश. तार भिंतीशी होती, तीन पावलं पलीकडे, आणि पावलं उचलत नव्हती.

"खारू, हात काढ."

"थांबा, सैल होतोय." तिने वर बघितलं नाही. "तुम्हीच लिहिलंय ना, की बिनधास्त हात घाल, मी इथे उभा आहे."

"मी नाही लिहिलं."

पाना थांबला.

"मला लिहिता येत नाही," मिस्त्री म्हणाले. "वाचताही येत नाही. कधीच आलं नाही, पोरी."

"डोळ्यांचं म्हणताय?"

"डोळे चांगले आहेत."

हात अजून आतच होता. ती त्यांच्याकडे बघत होती. हे एक बघणं टाळण्यासाठी मिस्त्रींनी अख्खं आयुष्य काढलं होतं, आणि आता ते चेहरा फिरवूही शकत नव्हते, कारण फिरवला तर बोट सुटलं असतं.

"मग पाटी लावली होती बाबांनी," ती हळूच म्हणाली.

"लावली होती. मी काढली. मापं असतील, असं वाटलं मला. नंतर जाळली." ते बोलत राहिले. "दादा विसरला नव्हता. तो कधीच काही विसरला नाही. त्याला वाटलं मला वाचता येतं. मीच सांगितलं होतं त्याला."

बोट काचेपासून नखभर अंतरावर थांबलं.

खारूने हात बाहेर काढला. एखाद्याच्या मुठीतून सोडवून घ्यावा तसा, एकेक बोट करत काढला. मग ती भिंतीशी गेली, तार उपटली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. मिस्त्रींना वाटलं ती रडेल, ओरडेल. ती म्हणाली, "आई गेली तेव्हासुद्धा बोलला नाहीत."

मिस्त्रींनी इतका वेळ धरून ठेवलेला उजवा हात सोडला.

मग ती वळली. तार काढूनही स्क्रीन चालूच होती, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. खारू जवळ आली, वाकली, सातही चित्रांवरून तिची नजर फिरली.

"गेलं ते," ती म्हणाली. "आता इथे काहीच नाही."

पण मिस्त्रींच्या समोर पुठ्ठा होता. पहिल्यापेक्षा मोठा, अर्धी स्क्रीन व्यापून. आणि त्यातले काने आपापल्या अक्षरांना जाऊन चिकटत होते, वेलांट्या वळून बसत होत्या, खुर्चीचे सांधे ठोकल्यावर बसतात तशा. पहिला शब्द जुळला. मिस्त्रींचे ओठ हलले. दादा त्यांना लहानपणी ज्या नावाने हाक मारायचे, ते नाव होतं.

त्यांना वाचता येत होतं.

६

खारूने सगळ्या नातेवाइकांना बोलावून सांगितलं. मिस्त्री शेजारी बसले होते, प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. काही हळहळले, काही उठून गेले. खारूने त्यांना टाकलं नाही, पण काका म्हणणं सोडलं. आता ती अहो म्हणते. मिस्त्रींना हे पटतं. आपल्याला एवढंही पुष्कळ आहे, असं त्यांना वाटतं.

मशीन तेव्हापासून चाललेलं नाही. तार गुंडाळून खिळ्याला अडकवली आहे. तरी दुपारी मिस्त्री स्टूल ओढून स्क्रीनसमोर बसतात. ओळीखाली लाकडाची पट्टी धरतात आणि पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावतात. तीन ओळी वाचून झाल्या की पुढच्या तीन येतात. त्या दिवसाची गोष्ट आहे ती, दादांच्या बाजूने, पहाटेपासून, काही म्हणजे काही न गाळता. दादा उठले. तोंड धुतलं. खारू झोपली होती तिच्या अंगावर पांघरूण घातलं. कारखान्याचं कुलूप उघडलं, ते दुसऱ्या झटक्याला उघडलं.

नव्याने वाचायला लागलेल्या माणसाची नजर पुढे पळते, हे मिस्त्रींना आता कळलं आहे. म्हणून ते पट्टी घट्ट धरतात. पट्टीच्या खाली, पुढच्या ओळीत, मागच्या दाराने कुणीतरी आत येतंय, एवढं त्यांना कडेने दिसतं.

खारू डबा घेऊन येते आणि उंबरठ्याच्या बाहेरच उभी राहते. तिला स्क्रीन काळीच दिसते, म्हणून मिस्त्री वाचलेलं तिला रोज सांगतात. ती विचारते, कुठवर आलं? कारण बाबांचं काहीही असलं तरी तिला ऐकायचं आहे, शेवटपर्यंत.

काल दादांनी खटका पाडला होता आणि खिळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला होता. आज ते पेन्सिल शोधताहेत.

"सापडली?" खारू विचारते.

"शोधताहेत अजून," मिस्त्री म्हणतात, आणि मागच्याच अक्षरावर पुन्हा बोट ठेवतात.